छिंग दरबाराची शकावली: २३३ भागांच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

आज सुरुवात केली. चीनच्या छिंग राजवटीतला १७२२ ते १७९९ हा काळ तीन पोशाखी मालिका बघत शिकायचा आणि त्याची शकावली हॉलच्या भिंतीवर उभी करायची, असं हे काम आहे. या काळात दोनच मोठे बादशहा आहेत, योंगचंग आणि त्याचा मुलगा छ्येनलोंग. मालिका तीन: 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' (२०११, ७६ भाग), 'स्टोरी ऑफ येनशी पॅलेस' (२०१८, ७० भाग) आणि 'रुयीज रॉयल लव्ह इन द पॅलेस' (२०१८, ८७ भाग). पुढे त्यांना 'एम्प्रेसेस', 'येनशी' आणि 'रुयी' म्हणेन.

एकूण भाग २३३. एक भाग पाऊण तासाचा धरला तर पावणेदोनशे तास होतात. रात्री भांडी आवरल्यावर रोज दोन भाग बघितले तर चार महिन्यांत संपेल असा हिशोब केलाय.

सामान: पांढरे कार्डशीट ६ (₹९०), दोनशे पानी वह्या २ (₹१४०), स्केचपेनचा संच (₹१२०), दुहेरी चिकटपट्टी (₹६०).

प्रत्येक कार्डशीटच्या तळाशी चार बोटांची पट्टी मराठी इतिहासासाठी सोडली आहे. नुसतं १७४८ म्हटलं तर माझ्या डोळ्यांपुढे काही येत नाही. पण साताऱ्याला शाहू महाराज आहेत आणि पुण्यात नानासाहेब पेशवे, असं म्हटलं की ते साल हाताला लागतं.

(मागाहून: सगळ्या नोंदींतली नावं नंतर एकसारखी केली आहेत. कशी ते ७ जुलैच्या नोंदीत आहे. शहरांची नावं वर्तमानपत्रात येतात तशीच ठेवली.)

१६ जून

'येनशी'पासून सुरुवात केली, कारण ती वेगवान आहे असं सगळे सांगत होते. काळाच्या क्रमाने 'एम्प्रेसेस' आधी यायला हवी होती. या निर्णयाचा पुढे त्रास झाला, त्याची नोंद ऑक्टोबरमध्ये आहे.

आठ भाग झाले. वहीत अंतःपुरातल्या १७ स्त्रिया उतरवल्या. पुन्हा पहिल्या भागापासून सबटायटल थांबवून थांबवून पाहिलं तेव्हा त्या ११ निघाल्या. एकच बाई कधी आडनावाने, कधी किताबाने, कधी हुद्द्याने, तर कधी नुसती 'बहीण' म्हणून येते, आणि प्रत्येक वेळी मी नवी ओळ सुरू केली होती. त्यात हुद्द्यांचं भाषांतर दर मालिकेत वेगळं. एकीकडे जी 'नोबल कॉन्सर्ट' असते ती दुसरीकडे 'इंपीरियल कॉन्सर्ट' होते. चार रात्री यात गेल्या.

उपाय असा केला की इंग्रजी हुद्दे पूर्ण सोडून दिले आणि मूळ चिनी आठ हुद्द्यांची उतरंड वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून काढली. वरून खाली ती अशी: ह्वांगहौ (सम्राज्ञी, एकच), ह्वांगक्वेइफेइ (एक), क्वेइफेइ (दोन), फेइ (चार), फिन (सहा), आणि त्याखाली संख्येचं बंधन नसलेल्या क्वेइरन, छांगचाइ, ताइंग. ही घडी योंगचंगच्या वडिलांच्या, म्हणजे खांगशी बादशहाच्या काळात बसली.

उतरंड पाठ होईना, म्हणून प्रत्येकीपुढे तिची वर्षाची नेमणूक लिहिली, आणि मग मात्र ती एका दिवसात डोक्यात बसली. सम्राज्ञीला १००० ल्यांग चांदी, पुढे क्रमाने ८००, ६००, ३००, २००, १००, ५० आणि शेवटी ताइंगला ३०. एक ल्यांग म्हणजे आपले सव्वातीन तोळे धरा. दासी सम्राज्ञीला दहा, फेइला सहा, ताइंगला दोन. संसार चालवणाऱ्या माणसाला पगाराचा तक्ता लगेच कळतो. क्वेइफेइवरून फेइवर उतरवलं म्हणजे उत्पन्न थेट निम्म्यावर आलं. पडद्यावरची ती बाई इतकी का हादरते हे मला तेव्हा समजलं.

३० जून

₹२९९ वाया गेले. हिंदी डबिंग मिळतंय म्हणून एका अ‍ॅपची तीन महिन्यांची वर्गणी भरली. सासूबाईंना इंग्रजी सबटायटल वाचायला जड जातं आणि त्या सोबत बसणार होत्या, म्हणून. डबिंगमध्ये आठही हुद्द्यांना सरसकट 'रानीसाहिबा' म्हटलंय, आणि बादशहाच्या राज्यवर्षाचा उल्लेख जिथे येतो ती वाक्यंच गाळली आहेत. माझ्या कामाचं तेवढंच होतं.

परत यूट्यूबवर इंग्रजी सबटायटल लावून बघायचं ठरलं. आता मी मोठ्याने मराठीत सांगत जाते. त्यामुळे वेळ वाढला, एका रात्रीत दीडच भाग होतो. पण सांगताना जे अडतं ते आपल्याला कळलेलं नसतं, हे चटकन लक्षात येतं. दोन माणसांनी मिळून बघायचा हा फायदा मी धरला नव्हता.

७ जुलै

नावांचा प्रश्न सुटला. ही नोंद जरा सविस्तर लिहिते, कारण मराठीतून हे काम करणाऱ्या प्रत्येकाला ती लागेल.

रोमन लिपीतली चिनी नावं आपण इंग्रजीसारखी वाचतो आणि तिथेच फसतो. रोमन 'बी' चिनीत 'ब' नसतो, तो 'प' असतो, आणि रोमन 'पी' म्हणजे 'फ' (ओठ मिटून म्हटलेला, 'फळ'मधला). 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. 'जे' म्हणजे च, 'क्यू' म्हणजे छ. चिनी माणसाला फरक ऐकू येतो तो श्वासाचा, म्हणजे अल्पप्राण आणि महाप्राण. रोमन लिपीला हा फरक दाखवायला उसनी अक्षरं वापरावी लागतात. आपल्या बाराखडीत तो आधीच आहे. शाळेत क-ख, च-छ, त-थ घोकले ते इथे जसेच्या तसे कामाला आले.

त्यातही मराठीचा वाटा वेगळा आहे. 'चहा'तला च आणि 'चुली'तला च आपण वेगळे उच्चारतो. रोमन 'झेड' हा चुलीतला च आहे. वर 'छांगचाइ' लिहिलंय, त्यातल्या 'चाइ'चा च चुलीतला म्हणायचा. थांग काळातली सम्राज्ञी वू चथ्येन हिच्या नावात चुलीतला च आणि थ दोन्ही येतात.

मी दोन आठवडे 'क्विआनलाँग' म्हणत होते. तो छ्येनलोंग. कानाला सवय झाल्यावर पात्रं एकमेकांना कोणत्या हुद्द्याने हाक मारतात ते सबटायटलशिवाय ऐकू यायला लागलं. एवढ्या एका बदलाने माझा वेग जवळजवळ दुप्पट झाला.

२८ जुलै

आज पहिला कार्डशीट फाडला.

'एम्प्रेसेस'ची पूर्वतयारी म्हणून योंगचंगच्या सेनापतीची, न्येन कंगयावची, अखेर लिहीत होते. नोंद होती 'योंगचंग ३, बारावा महिना'. खांगशी १७२२ च्या डिसेंबरात वारला, पण नव्या बादशहाचं पहिलं वर्ष पुढच्या नववर्षाला सुरू होतं, म्हणून योंगचंग १ म्हणजे १७२३. तिसरं वर्ष १७२५. तसं लिहून मोकळी झाले. चूक. चिनी बारावा महिना इंग्रजी जानेवारीत जातो. न्येनला आत्महत्येची आज्ञा झाली ती जानेवारी १७२६ मध्ये.

ही चूक मी करायला नको होती, कारण आपल्याकडे हेच आहे. शिवजन्म शके १५५१. त्यात ७८ मिळवले तर १६२९ येतं, पण तिथी फाल्गुन वद्य तृतीया, म्हणून साल १६३०. जंत्री उघडल्याशिवाय फाल्गुनातली तारीख लिहू नये हे आपल्याकडे इतिहासाची हौस असलेला कोणीही सांगेल. चिनी अकराव्या-बाराव्या महिन्याचं तेच. शीटवरच्या नऊ तारखा तपासल्या, तीन चुकलेल्या निघाल्या.

अधिक महिनासुद्धा आहे त्यांच्याकडे, आणि रीतही आपलीच: ज्या चांद्रमहिन्यात सूर्याचं ठरलेलं संक्रमण पडत नाही तो अधिक. मात्र महिना तोच येईल असं नाही. २०२३ साली आपला अधिक श्रावण होता, त्यांचा अधिक दुसरा महिना.

नवा नियम: आधी पेन्सिलीने मूळ राज्यवर्ष, महिना आणि दिवस, त्याखाली इसवी सन, आणि दोन्ही दोनदा तपासल्यावरच स्केचपेन.

१८ ऑगस्ट

'येनशी'त छ्येनलोंगची पहिली सम्राज्ञी फूछा गेली. भिंतीवरून उडी टाकते. सासूबाई उठून देवघरात जाऊन बसल्या. मीही त्या रात्री वही उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी नोंदी शोधल्या. खरी फूछा सम्राज्ञी १७४८ च्या एप्रिलमध्ये, शानतोंगच्या दौऱ्यावरून बादशहासोबत परतताना तचौ इथे आजाराने गेली. वय ३६. त्याच साली जानेवारीच्या अखेरीस, ऐन वर्षअखेरच्या रात्री, तिचा दुसरा मुलगा योंगछोंग देवीने गेला होता. तो दोन वर्षांचाही नव्हता. पहिला मुलगा दहा वर्षांपूर्वीच गेलेला. भिंत नव्हती, उडी नव्हती. पण मूल गेल्यावर सव्वादोन महिन्यांत प्रवासात प्राण सोडणारी आई होती.

इथून शीटवर दोन रकाने केले, 'मालिका' आणि 'नोंद'. आपल्याकडे बखर आणि अस्सल कागद यांत जो फरक करतात तोच. बखर टाकून देत नाहीत, पण तिच्यातली तारीख कागदाशी ताडून बघतात. फूछाच्या मृत्यूनंतर बादशहा इतका बिथरला की शंभर दिवसांच्या सुतकात हजामत केली म्हणून बड्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या, काहींना जीव गमवावा लागला. त्याने तिच्यासाठी शोककाव्य लिहिलं, आणि पुढे त्या वाटेने जाताना ती आजारी पडली त्या जीनान शहरात मुक्काम टाळला. हे सगळं 'नोंद' रकान्यात आहे आणि मला ते उडीपेक्षा जास्त भिडलं.

मालिकेने बरोबर दाखवलेली गोष्टही लिहून ठेवते. फूछा सोनं-मोती न घालता साधी फुलं केसात माळायची, गवत-रेशमाची, असं तिच्या चरित्रनोंदीत आहे. पडद्यावर तिच्या केसात तीच रेशमी फुलं आहेत. अशी एखादी खूण सापडली की शीटवर हिरवा ठिपका देते.

१ सप्टेंबर

आज एकही भाग पुढे बघितला नाही. एकाच चौकटीवर दीड तास गेला, आणि तो सत्कारणी लागला.

सासूबाई म्हणाल्या, "अगं थांबव, थांबव. तिच्या कानात तीन-तीन आहेत बघ."

थांबवलं, मोठं केलं. खरंच. एका कानाच्या पाळीत तीन छिद्रं, एकाखाली एक, आणि तिन्हीत लोंबते मोती. फूछाच्या, मालिकेची नायिका लिंग फेइच्या, अगदी दासींच्याही कानात तीनच. ही मांचूंची, म्हणजे छिंग राज्यकर्त्यांच्या जमातीची रीत आहे. बहुसंख्य हान चिनी बायका एकेकच घालत. छ्येनलोंगने स्वतः बजावलं होतं की मांचू बायकांनी जुनी तीनची रीत सोडायची नाही, म्हणजे तेव्हाच ती सुटायला लागली असणार. ही मालिका ते पाळते. बाकी बऱ्याच मालिका एकेक कुडं घालून मोकळ्या होतात.

उलट डोक्यावरचा तो रुंद, दोन पंखांचा काळा मुकुटासारखा साज बऱ्याच मालिकांत दिसतो. तो अठराव्या शतकातला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, छशी राजमातेच्या काळातला आहे. पुरुषांच्या शेंडीचंही तसंच. सुरुवातीच्या छिंग काळात डोकं जवळजवळ पूर्ण भादरून मागे नाण्याएवढा झुबका ठेवत आणि त्याची उंदराच्या शेपटीएवढी बारीक वेणी घालत. मालिकांतली अर्ध्या डोक्याची जाड वेणी शेवटच्या काळातली आहे.

सासूबाईंचं माहेर येवल्याचं, घरात माग होता. संग्रहालयातल्या छिंग झग्यांचे फोटो काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे भरतकाम नव्हे. विणलंय. प्रत्येक रंगाची तिल्ली वेगळी आहे." बरोबर निघालं. त्याला खस म्हणतात. ताणा सलग, बाणा मात्र नक्षीपुरताच जाऊन परत फिरतो, पैठणीच्या पदरासारखा. फरक एवढाच की पैठणीत दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवतात आणि खसमध्ये अडकवत नाहीत, म्हणून रंग जिथे भेटतात तिथे बारीक फट राहते. उजेडापुढे धरलं तर त्या फटी चमकतात. हे सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी फटीचीच रेघ केली."

२२ सप्टेंबर

गणपतीत बारा दिवस काही झालं नाही. 'येनशी' संपली. येनशी हा बीजिंगच्या राजवाड्यातल्या पूर्वेकडच्या सहा महालांपैकी एक. १८४५ साली तो जळाला आणि १९०९ मध्ये त्या जागी लोखंड आणि काचेचं घर बांधायला घेतलं. ते अपुरंच राहिलं, अजून उभं आहे. मालिका मात्र राजवाड्यात नाही, चच्यांग प्रांतातल्या हंगत्येनच्या सेटवर चित्रित झाली आहे. महालांच्या जागा शिकायच्या असतील तर राजवाड्याचा नकाशा वेगळा छापून घ्या (₹४०, ए-३).

२० ऑक्टोबर

'एम्प्रेसेस'ने सर्वात जास्त वेळ खाल्ला, आणि सर्वात जास्त शिकवलंही.

मूळ इंटरनेट कादंबरी काल्पनिक राजवटीत घडते. मालिका करताना ती योंगचंगच्या काळात आणून बसवली. हे मला ३० भाग होईपर्यंत माहीत नव्हतं, आणि तोवर मी सगळा घटनाक्रम खरा धरून शीटवर चढवत होते. नायिका चन ह्वान नव्या बादशहाच्या निवडीत कोवळी मुलगी म्हणून वाड्यात येते आणि शेवटी छ्येनलोंगची राजमाता होते. राजमाता खरी आहे, न्योहुरू घराण्यातली. पण तिचा मुलगा, पुढचा छ्येनलोंग, १७११ सालचा. योंगचंग गादीवर आला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. म्हणजे मालिकेच्या पहिल्या भागात ती वाड्यात पाऊल टाकते तेव्हा खऱ्या बाईला अकरा वर्षांचा मुलगा होता आणि ती त्या घरात कधीचीच नांदत होती. एका जन्मतारखेने अख्खा शीट कोसळला.

दुसरी गोष्ट ह्वा फेइची. ही न्येन कंगयावची बहीण. मालिकेत आधी भाऊ मरतो, मग ती भिंतीवर डोकं आपटून जीव देते. नोंदीत ती आधी गेली, आजारपणाने, २७ डिसेंबर १७२५ ला, ह्वांगक्वेइफेइचा मान मिळून. भाऊ त्यानंतर काही दिवसांनी. हा क्रम उलटा केला की अर्थच बदलतो. मालिकेत भावाच्या पडण्याने बहीण पडते. नोंदीवरून असं दिसतं की ती असेपर्यंत शेवटचा घाव थांबला होता. हे माझं अनुमान आहे, म्हणून शीटवर ते पेन्सिलीतच ठेवलंय.

दुसरा आणि तिसरा शीट पुन्हा केला. नवे कार्डशीट ४ (₹६०). नऊ दिवस गेले.

तुम्ही हे करणार असाल तर एकच आग्रह आहे: मालिका सुरू करायच्या आधी मुख्य माणसांचे जन्म आणि मृत्यू तेवढे शीटवर घाला. दहा-बारा तारखा पुरतात, एक संध्याकाळ लागते. मी ते केलं असतं तर महिना वाचला असता.

२४ नोव्हेंबर

'रुयी' सुरू आहे. 'येनशी' आणि 'रुयी' एकाच वर्षी, एकाच उन्हाळ्यात आल्या, आणि दोन्हींत तोच बादशहा, त्याच स्त्रिया, त्याच घटना आहेत. बाजू मात्र उलट. 'येनशी'ची नायिका वेइ घराण्यातली, लिंग फेइ. दुसरी सम्राज्ञी नाला तिथे खलनायिका. 'रुयी'त नाला नायिका आणि लिंग फेइ खलनायिका. या दोन्ही एकामागून एक बघा, अशी माझी मनापासून शिफारस आहे. दोन्ही मालिका जिथे जुळतात तिथे बहुतेक वेळा खाली खरी नोंद असते. जिथे फाटतात तिथे नोंदीत जागा रिकामी असते आणि लेखकांनी ती आपापल्या परीने भरलेली असते.

सर्वात मोठी रिकामी जागा १७६५ ची. तळाच्या पट्टीवर थोरले माधवराव पेशवे. वर छ्येनलोंगचा दक्षिणेचा चौथा दौरा, हांगझोऊचा मुक्काम, अधिक दुसऱ्या महिन्याचा अठरावा दिवस. (अधिक महिना! तो सोडला असता तर तारीख महिन्याने चुकली असती. जुलैतला धडा इथे उपयोगी पडला.) त्या दिवशी नाला सम्राज्ञी नोंदीतून अचानक दिसेनाशी होते. तिला जलमार्गाने बीजिंगला परत धाडलं. त्याच वर्षी तिचे सनद-शिक्के काढून घेतले, आणि ऑगस्ट १७६६ मध्ये ती गेली, तेव्हा बादशहा शिकारीच्या मोसमासाठी बाहेर होता. कारण त्याने स्वतः १७७८ मध्ये सांगितलं: तिने आपले केस कापले होते. त्या दिवशी काय बोलणं झालं हे कुठेच नाही.

मांचू रीतीत बाई केस कापते ते नवरा किंवा सासू गेल्यावर. सबटायटलखाली टीप नव्हती, मी समजावून सांगायला लागले तर सासूबाईंनी हात वर केला. "सांगू नकोस. आमच्या वाड्यात एक काकू होत्या आलवणातल्या." त्या पुढे म्हणाल्या, "पण त्यांचे दुसऱ्यांनी काढले. हिने स्वतः काढले, आणि तेही नवरा जिवंत असताना, त्याच्यासमोर." त्यानंतर आम्ही तो भाग पुन्हा पहिल्यापासून बघितला.

आणि पुठ्ठ्यावरचा तो तक्ता. शेवटच्या दिवसांत नालाजवळ दोन दासी उरल्या होत्या. सम्राज्ञीला दहा, ताइंगला दोन. पद काढल्याचा जाहीर हुकूम कधी निघालाच नाही, पण घरातली माणसं मोजली की कळतं तिला कुठे आणून ठेवलं होतं. तिला स्वतःची वेगळी समाधीही मिळाली नाही, आधी गेलेल्या दुसऱ्या एका राणीच्या थडग्यात ठेवलं.

२९ डिसेंबर

शेवटचा शीट चालू आहे, आणि एका रकान्यापाशी चार दिवस अडले होते.

मी प्रत्येक व्यक्तीच्या चौकटीत 'नाव' असा रकाना ठेवला होता. फूछा सम्राज्ञीचं नाव 'येनशी'त रोंगयिन, 'रुयी'त लांगह्वा. नालाचं एकीत शूशन, दुसरीत रुयी. लिंग फेइचं एकीत यिंगल्वो, दुसरीत येनवान. मला वाटलं भाषांतराचा घोळ आहे, जूनमधल्यासारखा, आणि मी खरं नाव शोधत बसले. नाव नाहीच. राजघराण्याच्या वंशावळीत 'फूछा घराण्यातली, अमक्याची मुलगी' इतकंच आहे. मालिकांतली नावं लेखकांनी दिलेली आहेत.

फूछाच्या भावाचं नाव आहे: फूहंग. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत आजारी पडून तो १७७० साली गेला, हेही आहे. वडिलांचं नाव आहे. दोन वर्षं न जगलेल्या मुलाचं आहे. नवऱ्याने तिच्यावर केलेल्या कविता आहेत, ती कोणत्या ठिकाणी गेली ते आहे, केसात काय माळायची ते आहे. नाव नाही.

वेइचीही चौकट अशीच. १७४५ ला फिन, १७६५ ला ह्वांगक्वेइफेइ, १७७५ ला मृत्यू, १७९५ ला, मुलगा वारस म्हणून जाहीर झाल्यावर, मरणोत्तर सम्राज्ञी. सरकारी नोकरीच्या सेवापुस्तकासारखी बढतीची प्रत्येक पायरी तारखेसकट आहे. 'नाव' रकाना कोरा.

मी तो रकाना खोडून टाकणार होते, म्हणजे शीट स्वच्छ दिसेल. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. आणि मालिकेतली दोन्ही नावं पेन्सिलीने घाल. कुणीतरी हाक मारली ना तिला." तसंच केलं. सगळ्या शीटवरच्या सगळ्या स्त्रियांच्या चौकटी पुन्हा उघडून दोन-दोन नावं पेन्सिलीत लिहिली. तीन रात्री लागल्या.

२६ जानेवारी २०२५

२३३ वा भाग परवा झाला. चार महिने धरले होते, साडेसात लागले.

खर्च असा: कार्डशीट १० (₹१५०), वह्या ३ (₹२१०), स्केचपेन, पेन्सिली आणि खोडरबर (₹१८५), चिकटपट्टी (₹१२०), नकाशा (₹४०), वाया गेलेली वर्गणी (₹२९९), छिंग अंतःपुरावरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक (₹३५०). एकूण ₹१३५४. पुस्तक नोव्हेंबरमध्ये घेतलं, ते जूनमध्ये घ्यायला हवं होतं.

अजून दुरुस्त न केलेलं: चौथ्या शीटवर दक्षिण दौऱ्यांचे बाण उलट्या दिशेने काढले गेलेत, आणि हिरव्या ठिपक्यांचा रंग उन्हाने उडायला लागलाय. ठिपक्यांसाठी स्केचपेन वापरू नका, रंगीत पेन्सिल वापरा.

आता खांगशी. १६६१ ते १७२२, एकसष्ट वर्षं. यावेळी जन्म-मृत्यू आधी घातले, काल एका संध्याकाळी झालं. तळाची पट्टीही आखून घेतली. छिंग सेनापती वू सानक्वेइचं बंड १६७३ च्या डिसेंबरात, आणि त्याच्या बरोबर खाली, सहा महिन्यांच्या अंतरावर, रायगडावरचा राज्याभिषेक. दोन्ही चौकटी एकाच पट्टीत मावत नव्हत्या, म्हणून त्या शीटला खालून एक जादा कागद जोडला आहे.